मॅकरोनीची वंशावळ आणि एक विस्मृत आचारी

राजांच्या वंशावळी इतिहासकार मोठ्या आस्थेनें जुळवितात. परंतु त्या राजांच्या पानांत वाढल्या गेलेल्या पदार्थांच्या कुळाची चौकशी करण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः राज्यें बुडालीं तरी पदार्थ टिकतात; आणि त्यांच्या मागोव्यानें जाणाऱ्यास कधीं कधीं अशीं माणसें भेटतात, कीं जीं तख्तांच्या इतिहासांत कोठेंच आढळत नाहींत. भट्टींत भाजलेली मॅकरोनी हा असाच एक पदार्थ होय. गव्हाच्या पिठाच्या पोकळ नळ्या उकडून घ्यावयाच्या, त्यांत लोणी व किसलेलें चीज यांचे थर द्यावयाचे, आणि वर तांबूस पापुद्रा धरेपर्यंत तें सारें भट्टींत ठेवावयाचें, एवढीच त्याची कृति. अमेरिकेंतील कुटुंबांत रात्रीच्या जेवणास हा पदार्थ आपल्याकडील खिचडीइतका घरगुती आहे. परंतु त्याचा इतिहास पाहूं लागल्यास वाटेंत एका गुलामाच्या मुक्ततेचा करारनामा आडवा येतो.

आरंभीं एका दंतकथेचा निकाल लावला पाहिजे. ही वस्तु मार्को पोलोनें चीनहून आणली असें पुष्कळजण समजतात. या समजुतीस विशेष प्रसिद्धि मिळाली ती १९२९ सालीं, अमेरिकेंतील मॅकरोनी-उत्पादकांच्या मासिकांत आलेल्या एका कथेमुळें. पोलो १२९५ सालीं व्हेनिसला परतला. परंतु त्यापूर्वीं सोळा वर्षें, म्हणजे १२७९ सालीं, जिनोआ येथील एका सैनिकाच्या मालमत्तेच्या यादींत मॅकरोनीची नोंद झालेली आहे. त्याहूनही मागें, ११५४ सालीं पुऱ्या झालेल्या आपल्या भूगोलग्रंथांत अल्-इद्रिसीनें सिसिली बेटांतील त्राबिया गांवचें वर्णन केलें आहे. तेथें शेवयांसारखा वाळविलेला पदार्थ विपुल तयार होई आणि गलबतें भरून तो मुसलमानी व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जाई. तेव्हां पोलोस या श्रेयाचा वांटेकरी करण्याचें कारण उरत नाहीं.

चीजशीं या पिष्टान्नाचा संयोगही जुनाच. चौदाव्या शतकांतील ‘लिबेर दे कोक्विना’ या लॅटिन पाकग्रंथांत कणकेचे चौकोनी तुकडे उकडून त्यांवर किसलेल्या चीजचे व मसाल्याचे थर द्यावे असें सांगितलें आहे. इंग्लंडांत दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनीं सुमारें १३९० सालीं सिद्ध केलेल्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या संग्रहांतही चीज व लोणी घातलेला असाच प्रकार आढळतो. पुढें १७६९ सालीं एलिझाबेथ रॅफाल्ड या बाईनें आपल्या पाकग्रंथांत मॅकरोनी मऊ उकडून, सायींत व पिठांत घोळलेल्या लोण्यांत शिजवून, वर भाजलेलें पार्मेझान चीज पसरण्याची कृति दिली. म्हणजे अमेरिकेचें स्वतंत्र राष्ट्र जन्मास येण्यापूर्वींच या पदार्थानें आपलें रूप घेतलें होतें.

असें असूनही अमेरिकेंत याचा जनक म्हणून टॉमस जेफरसनचें नांव सांगण्याची रूढि पडली आहे. १७८४ पासून १७८९ पर्यंत तो फ्रान्समध्यें होता. मॅकरोनी तयार करण्याच्या यंत्राचें त्यानें रेखाटन व वर्णन करून ठेविलें. मळलेली कणीक दाबून छिद्रांच्या चकतींतून बाहेर काढावयाची, हें त्याचें तत्त्व आपल्या घरांतील सोऱ्याच्या तत्त्वाहून निराळें नव्हे. पुढें त्यानें असें एक यंत्र नेपल्सहून मागविलेंही. १८०२ सालच्या फेब्रुवारींत, तो अध्यक्ष असतां, मनासे कटलर नांवाच्या एका प्रतिनिधीनें त्याच्या पंक्तीस मॅकरोनी खाल्ली. त्या गृहस्थास ती कांद्याच्या पातीसारखी वाटली व मुळींच रुचली नाहीं, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे!

परंतु जेफरसन चुलीपाशीं बसत नव्हता. पॅरिसला जातांना त्यानें आपला एकोणीस वर्षांचा गुलाम जेम्स हेमिंग्ज यास फ्रेंच पाकविद्या शिकविण्याकरितां बरोबर नेलें. हा तरुण नात्यानें जेफरसनच्या पत्नीचा सावत्र भाऊ होता; पण त्याची आई गुलाम असल्यामुळें तोही गुलामच. पॅरिसमध्यें त्यानें नामांकित आचाऱ्यांच्या हाताखालीं विद्या संपादन केली, पदरच्या पैशानें फ्रेंच भाषेचा शिक्षक ठेविला, आणि जेफरसनच्या वाड्यांतील मुख्य आचारी झाला. फ्रान्समध्यें न्यायालयाकडे अर्ज करून त्यास स्वातंत्र्य मागतां आलें असतें. तरी तो धन्याबरोबर परतला. १७९३ सालीं जेफरसननें त्यास लेखी वचन दिलें, कीं दुसऱ्या कोणास आपली विद्या शिकवून उत्तम आचारी केलेंस, तर तुला मुक्त करीन. जेम्सनें आपला भाऊ पीटर यास तयार केलें, आणि १७९६ सालीं तो मुक्त झाला. त्याच्या मुक्ततेची किंमत अशी कीं, त्याच्या जागीं त्याचाच भाऊ गुलामींत त्या चुलीपाशीं उभा राहिला! स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या लेखणीनेंच हा सौदाही लिहिला, हें विसरतां येत नाहीं.

१८०१ सालीं जेफरसन अध्यक्ष झाल्यावर त्यानें जेम्सला मध्यस्थांकरवीं बोलाविणें पाठविलें. जेम्सची मागणी एवढीच होती, कीं बोलावण्याच्या चार ओळी जेफरसननें स्वहस्तें लिहाव्या. त्या आल्या नाहींत. अध्यक्षांच्या मुदपाकखान्याची जागा एका फ्रेंच आचाऱ्याकडे गेली. त्याच वर्षीं बाल्टिमोर येथें जेम्सनें आपल्या हातानें आपला अंत करून घेतला. त्या वेळीं त्याचें वय छत्तीस वर्षांचें होतें. कटलरनें नाक मुरडीत मॅकरोनी खाल्ली ती यानंतर थोड्याच महिन्यांनीं.

पुढील कथा सरळ आहे. १८२४ सालीं जेफरसनच्या जांवयाची बहीण मेरी रँडॉल्फ हिनें ‘व्हर्जिनिया हाउसवाइफ’ या ग्रंथांत मॅकरोनी, चीज व लोणी यांचे थर देऊन भाजण्याची कृति छापली. १९३७ सालीं क्राफ्ट कंपनीनें मॅकरोनी व चीजची पूड एका पेटींत घालून चार माणसांचें जेवण १९ सेंटांत विकावयास काढलें. आणि महायुद्धांत मांस व लोणी मोजून मिळूं लागतांच ती पेटी घरोघर शिरली. श्रीमंतांच्या मेजवानीचें पक्वान्न अशा रीतीनें सामान्य गृहस्थाच्या ताटांत आलें.

या पदार्थाचा कोणी एक जनक नाहीं, जेफरसन नाहीं आणि हेमिंग्जही नाहीं. तो अनेक पिढ्यांच्या हातांनीं घडला. परंतु ज्यानें पदार्थ मागविला त्याचें नांव लेखांत राहिलें, आणि ज्यांनीं तो रांधला त्यांचीं नांवें शोधून काढावीं लागतात. हा न्याय केवळ अमेरिकेंतच चालतो असें मात्र आपण समजूं नये. आपल्या वाडवडिलांच्या पंक्तींचीं वर्णनें आपण मोठ्या अभिमानानें सांगतों. त्या पंक्तींसाठीं पहांटेपासून धुरांत बसणाऱ्या किती बायकांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत?