अडीचशे तास

टँकच्या शेजारी खिळ्याला एक दोनशे पानी वही टांगलेली असते. बाबांनी ती सुरू केली आणि त्यांच्यानंतर मी चालवते. पाणी किती बदललं, हीटर किती अंशांवर आहे, कोण नीट खात नाहीये, असलं सगळं त्यात असतं. खालच्या वेळा त्या वहीतून आणि फोनमधल्या फोटोंवरून घेतल्या आहेत. मधल्या ज्या तासांत मला काहीच दिसलं नाही ते मी नंतर भरले, रोगाचं चक्र समजून घेऊन शेवटाकडून मागे मोजत. खरं तर सगळं त्या न दिसलेल्या तासांतच घडलं होतं.

शनिवार, संध्याकाळी ५.१० : २५२ तास उरले

स्टेशनजवळच्या दुकानात लेकीने निऑन टेट्रा पाहिले आणि काचेला नाक लावून उभी राहिली. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. दुकानदार म्हणाला, "ताई, परवाच माल आलाय, एकदम फ्रेश आहे." मला ते ऐकून बरं वाटलं. आता वाटतं, त्या वाक्यानेच मी सावध व्हायला हवं होतं. परवा आलेला मासा म्हणजे पिशवीत कोंडून शेकडो किलोमीटर आलेला, पाणी बदललेला, उपाशी, थकलेला मासा. त्याची रोगाशी झुंजण्याची ताकद त्या आठवड्यात सगळ्यात कमी असते.

मी सहाही टेट्रा निरखून पाहिले. पंख उघडलेले, पोट आत गेलेलं नाही, अंगावर ठिपका नाही. मासा पारखायला बाबांनी शिकवलं होतं, पण मी पाइपाकडे पाहिलं नाही. त्या मांडणीतले सगळे टँक एकाच फिल्टरला जोडलेले होते. खालच्या रांगेत एक गुरामी पंख अंगाशी आवळून कोपऱ्यात उभा होता. त्याच्या अंगावरून गेलेलं पाणी काही मिनिटांत आमच्या टेट्रांच्या अंगावरून जात होतं.

शनिवार, संध्याकाळी ७.२० : २५० तास

पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, मग कापली आणि मासे सोडले. पाण्यासकट सोडले.

बाबा असं कधीच करत नसत. नवा मासा घरात आला की तो आधी बाल्कनीतल्या निळ्या प्लास्टिकच्या टबात जायचा आणि पुरते चार आठवडे तिथेच राहायचा. त्या टबाची जाळी वेगळी, पाणी काढायची नळी वेगळी. टबात हात घातला की कोपरापर्यंत धुतल्याशिवाय मोठ्या टँकला हात लावायचा नाही. आई म्हणायची, "अहो, माशांचं कसलं सोवळं पाळता!" बाबा गेल्यावर तो टब रिकामा झाला. मी त्यात दिवाळीचे आकाशकंदील भरून तो माळ्यावर टाकला. त्या संध्याकाळी माळ्याकडे एकदा नजर गेली होती, हे मला स्पष्ट आठवतं. सहा एवढेसे मासे, कोण शिडी लावणार, असं वाटलं.

टँकमध्ये खाली लाकडाच्या ओंडक्याशी बाबांचे पाच क्लाऊन लोच होते. नारिंगी अंग, त्यावर तीन काळे पट्टे, तोंडाशी मिशा. सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला हा मासा. टँकच्या बंदिस्त पाण्यात सहजासहजी वीण देत नाही, म्हणून जगभर विकले जाणारे बरेचसे लोच नदीतून पकडलेले असतात. नीट जपला तर वीस वर्षांहून जास्त जगतो. आमच्यातली सगळ्यात मोठी चौदा वर्षांची होती, वीतभर लांब. बाबा तिला थोरली म्हणायचे. खायला पडलं की लोच टक्‌ टक्‌ असा आवाज काढतात, पुढच्या खोलीत ऐकू येईल इतका. आणि झोपतात कुशीवर, मेल्यासारखे. नव्या माणसाला हमखास दचकवतात.

नवा जीव जुन्या पाण्यात सोडणं ही फार घरगुती, किरकोळ गोष्ट वाटते. १९७० च्या दशकात नॉर्वेने स्वीडनच्या बाल्टिक किनाऱ्याकडच्या केंद्रांतून सॅमनची पिल्लं आणली. त्यांच्या अंगावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा एक परजीवी होता. बाल्टिकच्या सॅमनला त्याची सवय होती, नॉर्वेच्या सॅमनला नव्हती. चाळीसहून अधिक नद्यांत तो पसरला. तो संपवण्यासाठी सरकारला कितीतरी नद्यांत विष ओतून त्यांतले सगळे मासे मारावे लागले आणि मग नदी नव्याने वसवावी लागली. तिथेही सुरुवातीला कोणाच्या डोळ्यांना काही दिसलं नसणार.

रविवार, पहाटे ३ च्या सुमारास : २४२ तास

घर झोपलेलं. एका टेट्राच्या कल्ल्यातून काहीतरी सुटलं आणि तळाच्या खडीवर जाऊन बसलं.

आपण ज्याला व्हाईट स्पॉट म्हणतो तो रोग एका पेशीच्या जिवामुळे होतो. इक्थिओप्थिरियस मल्टिफिलिस हे त्याचं शास्त्रीय नाव, फ्रान्सच्या फूके यांनी १८७६ मध्ये दिलेलं. त्याचा अर्थ लावला तर माशाची ऊ, अनेक लेकरांची. इतकं नेमकं नाव मी दुसऱ्या कुठल्या रोगाचं वाचलेलं नाही. हा जीव माशाच्या कातडीच्या वरच्या पापुद्र्याखाली शिरतो, आत गोल गोल फिरत माशाचंच अंग खातो आणि फुगून मिलिमीटरभर होतो. मग कातडी फाडून बाहेर पडतो, तळाला चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कवच करून घेतो. त्या कवचात एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. २६ अंशांच्या आमच्या उबदार पाण्यात हे जेमतेम एका दिवसाचं काम.

कल्ल्यातला ठिपका बाहेरून दिसत नाही. दुकानात मी कितीही निरखलं असतं तरी तो मला दिसला नसता.

सोमवार, रात्री १ च्या सुमारास : २२० तास

कवच फुटलं. एका कवचातून कित्येक शे, कधी हजारापर्यंत पोहणारी पिल्लं निघतात, केसाच्या जाडीहून बारीक. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. अख्ख्या चक्रात एवढीच वेळ अशी असते, की औषध त्यांच्यापर्यंत पोहोचतं. कातडीखाली असताना पोहोचत नाही, कवचात असताना पोहोचत नाही.

रिकाम्या टबात, जिथे खाली खडी नाही आणि तळ रोज नळीने ओढून स्वच्छ होतो, तिथे यातली बहुतेक कवचं फुटण्याआधीच बाहेर गेली असती. आमच्या टँकमध्ये चार बोटं खडी होती आणि जवळच पाच लोच झोपलेले होते. लोचचे खवले इतके बारीक आणि कातडीत रुतलेले असतात, की अंग जवळजवळ उघडंच म्हणायचं.

मंगळवार, सकाळी ८.३० : १८९ तास

चहाचा कप हातात होता. थोरली ओंडक्याशी गेली, अंग वाकवून त्यावर एकदा घासलं आणि पुढे गेली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. वहीत मी लिहिलंय: "लोच खेळतायत."

गुरुवार, रात्री ९ : १२८ तास

थोरलीच्या छातीच्या पंखावर तीन पांढरे ठिपके. मिठाचे कण चिकटावेत तसे, किंचित उठावदार. एका टेट्राच्या शेपटीवर एक. मी फोटो काढून दुकानदाराला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं: "ताई, नवीन मासे आले की होतं असं, दोन दिवसांत जाईल."

माझा त्याच्यावर राग नाही. त्याने सांगितलं ते शब्दशः खरं ठरलं.

शनिवार, सकाळी ७ : ९४ तास

ठिपके गेले. मी टॉर्च लावून सगळ्या बाजूंनी पाहिलं. थोरलीचा पंख काचेसारखा स्वच्छ. लेकीला उठवून दाखवलं. वहीत त्या दिवशी मी बाण काढून लिहिलंय: "बरे झाले." ते पान मी फाडलेलं नाही.

सबंध घटनाक्रमातला सगळ्यात वाईट तास हाच. ठिपका जातो तेव्हा रोग गेलेला नसतो, पोट भरून उतरलेला असतो. गुरुवारी तीन ठिपके दिसले होते आणि कल्ल्यांत किती होते ते मोजायला जागाच नव्हती. ते सगळे शुक्रवारी खडीत जाऊन बसले. मी "बरे झाले" लिहीत होते तेव्हा त्या प्रत्येक कवचात मोजणी शेकड्यांत पोहोचलेली होती. त्या सकाळी हीटर वाढवला असता, खडी उपसली असती, औषध सुरू केलं असतं, तर काही तासांनी बाहेर पडणारी पिल्लं उघड्यावर सापडली असती. हातात नेमकी वेळ होती आणि मी निश्चिंत झाले. रविवारी आम्ही नाशिकला लग्नाला गेलो.

सोमवार, संध्याकाळी ६ : ३५ तास

कामावरून येऊन दिवा लावला. लोचच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखं. काळ्या पट्ट्यांवर ठिपके इतके दाट, की पट्ट्याची कडा दिसेना. पाचही जण फिल्टरचं पाणी पडतं तिथे वर येऊन उभे होते. लोच तळाचा मासा. तो वर आला याचा अर्थ त्याला श्वास पुरत नाही.

त्या रात्री जे जे करायचं ते केलं. हीटर हळूहळू ३० अंशांकडे नेला, कारण त्या तापमानाला या जिवाचं चक्र मोडतं. खडेमीठ विरघळवून घातलं. औषध अर्ध्या मात्रेत, कारण लोचला पूर्ण मात्रा सोसत नाही. खडी नळीने ओढली. शेजारच्या काकांकडून दुसरा एअर पंप आणला. ते म्हणाले, "तुझे बाबा असते तर…" आणि थांबले.

आठ दिवस आधी यातली प्रत्येक गोष्ट योग्य होती. आता औषध फक्त नव्याने सुटणाऱ्या पिल्लांना मारत होतं आणि जे कल्ल्यांत बसले होते ते बसलेलेच होते. पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. धडधाकट माशाला हा फरक कळतही नाही. थोरलीला तेवढाच कमी पडत होता.

मंगळवार, रात्री ११ : ६ तास

गांडुळाचा तुकडा टाकला. धाकट्या दोघांनी टक्‌ टक्‌ केलं. थोरलीने तोंड वळवलं. कल्ल्यांची झाकणं उघडीच राहिली होती, आतली लाली फिकट पडलेली. मी टँकसमोर सतरंजी टाकली.

बुधवार, पहाटे ५.२०

जाग आली तेव्हा थोरली ओंडक्याखाली कुशीवर पडलेली होती. लोच असेच झोपतात. मी बराच वेळ तशीच बसून राहिले, ती उठेल म्हणून. मग जाळीच्या कडेने हलकेच स्पर्श केला.

त्यानंतर

शुक्रवारपर्यंत आणखी दोन लोच गेले. सहापैकी चार टेट्रा मात्र वाचले. या रोगातून तरलेल्या माशाच्या अंगात त्याच्याविरुद्ध बळ येतं, आणि त्यांनी तो बहुधा दुकानातच एकदा सोसला होता. ते आजही आमच्याकडे आहेत. लेकीने त्यांच्यावर राग धरला नाही. मला तेवढं लवकर जमलं नाही.

उरलेले दोन लोच ओंडक्याखालून बाहेर येईनात. हा कळपाने राहणारा मासा आहे, दोघांत त्याचं मन लागत नाही. म्हणून दिवाळीनंतर मी बोटाएवढे तीन लोच आणले.

त्याआधी शिडी लावून निळा टब खाली काढला. कंदील आता दिवाणात आहेत. टबात चाळीस लिटर पाणी, छोटा हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे, वर झाकण. खाली खडी अजिबात नाही. स्पंज फिल्टर महिनाभर आधीच मोठ्या टँकमध्ये चालवून ठेवला होता. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वसले नाहीत, तर टबातलं पाणीच माशांना मारतं. तो स्पंज टबात आला तो आला, परत मोठ्या टँकमध्ये जाणार नाही. जाळीच्या दांड्याला लाल दोरा बांधलाय, म्हणजे चुकूनही ती इकडे बुडणार नाही, कारण ओल्या जाळीवरच्या एका थेंबातूनही पिल्लं इकडची तिकडे जातात. रोज सकाळी आधी मोठ्या टँकचं काम, मग टबाचं, आणि शेवटी हात कोपरापर्यंत.

झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर दिवसाचा आकडा लिहिते. अठ्ठावीस झाले की मासे टँकमध्ये.

सोळाव्या दिवशी सकाळी तिघांतल्या एकाच्या शेपटीवर रव्याएवढा एक पांढरा ठिपका दिसला. टॉर्च लावून दोनदा पाहिला. लेक शेजारी उभी होती, पेन तिच्याच हातात होतं. तिने १६ खोडला आणि त्याच्या खाली १ लिहिला.