बागलाणची प्रशस्ति आणि बेकनची कसोटी

कळवणचा मुलूख पूर्वीं बागलाणांत मोडत असे. त्या बागलाणच्या बागूल राजांची वंशकथा रुद्रकवीनें मयूरगिरीच्या, म्हणजे मुल्हेरच्या, नारायण शाहाच्या आश्रयास राहून शके १५१८ (इ. स. १५९६) मध्यें ‘राष्ट्रौढवंश’ या वीस सर्गांच्या संस्कृत महाकाव्यांत गुंफिली. पुढल्याच वर्षीं लंडनमध्यें फ्रान्सिस बेकनच्या दहा निबंधांचें लहानसें पुस्तक बाहेर पडलें. या दोघांस एकमेकांची वार्ताही नव्हती. परंतु एकाचा ग्रंथ कसा वाचावा हें दुसऱ्यापासून शिकण्याजोगें आहे.

बेकनचा जन्म इ. स. १५६१ चा. बाप राणी एलिझाबेथच्या राजमुद्रेचा रक्षक, शिक्षण केंब्रिजास, व्यवसाय वकिलीचा. १६१८ सालीं तो लॉर्ड चॅन्सेलर झाला व १६२० सालीं त्यानें ‘नोव्हम ऑर्गेनम’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. मनुष्याच्या बुद्धीस भुलविणाऱ्या चार प्रकारच्या मूर्ति त्यानें त्यांत सांगितल्या आहेत: मनुष्यजातीच्या, ज्याच्या त्याच्या गुहेच्या, बाजाराच्या व रंगभूमीच्या. तेथेंच एक मार्मिक दाखला आहे. नवस करून गलबत फुटण्याच्या संकटांतून वांचलेल्यांचीं चित्रें देवळांत टांगलेलीं एकास दाखविलीं, तेव्हां त्यानें विचारलें कीं, नवस करूनही जे बुडाले त्यांचीं चित्रें कोठें आहेत?

दफ्तरांचेंही असेंच आहे. जें टिकलें तें आपल्या हातीं येतें. जें वाळवीनें खाल्लें, पुरांत गेलें किंवा रद्दींत विकलें गेलें, तें साक्षीस येत नाहीं. रुद्रकवीनें आश्रयदात्याचें कुल गाइलें. त्या कुलाच्या शत्रूंची बाजू त्याच्याकडून अपेक्षितां येत नाहीं. यास्तव अशी प्रशस्ति तवारिखा, शिलालेख व समकालीन पत्रें यांशीं ताडून पाहिलीच पाहिजे. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढिला व पुढें बखरींपेक्षां अस्सल पत्रांस अधिक मान दिला, तो याच न्यायानें. तथापि तीं पत्रेंही बुडतां बुडतां वांचलेलींच होत, हें विसरूं नये.

आतां खुद्द बेकनचें चरित्र पहा. १६२१ सालीं त्याजवर लांचलुचपतीचे अठ्ठावीस आरोप आले व ते त्यानें कबूल केले. चाळीस हजार पौंड दंड झाला. थोडे दिवस टॉवरमध्यें कैदही घडली. देणग्या घेतल्या तरी त्यांनीं न्याय फिरला नाहीं, असें त्याचें म्हणणें. पुढल्याच वर्षीं त्यानें सातव्या हेन्रीचा इतिहास प्रसिद्ध केला व तो युवराज चार्ल्स यास अर्पण केला. रुद्रकवीस राजाश्रय होता. बेकनला तो पुनः हवा होता. १६२६ सालीं तो वारला.

इतरांच्या मूर्ति ओळखणाऱ्यास स्वतःच्या गुहेतली दिसली नाहीं. म्हणून त्याची कसोटी खोटी ठरत नाहीं. ती लावण्याचें काम मात्र किती अवघड आहे तें कळतें. आपल्या घराण्याची कीर्ति सांगणारी पोथी ज्याच्या संग्रहीं असेल, त्यानें हें विशेष ध्यानांत ठेवावें. जें पान आपणांस अत्यंत प्रिय, त्याचीच परीक्षा प्रथम घ्यावी.