भूकंपोत्तर आपत्कालीन नियोजन : दक्षिण मुंबईतील विद्यापीठ परिसर आणि कफ परेडचे मच्छीमार नगर

प्रस्तावना

मुंबई विद्यापीठाचा फोर्ट परिसर आणि कफ परेड येथील मच्छीमार नगर यांत जेमतेम दोन-अडीच किलोमीटरचे अंतर आहे. तरीही शैक्षणिक परिसराचा आपत्कालीन आराखडा तयार करताना शेजारच्या कोळी वस्तीचा विचार क्वचितच होतो. पश्चिम किनाऱ्याच्या भूकंपविषयक इतिहासाच्या आधारे या उणिवेचा परामर्श घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तीन भूकंप, एक प्रहर

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरान किनाऱ्यालगत तीव्र भूकंप झाला. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना परिसर पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी हादरला. त्यात सुमारे १८० माणसे दगावली आणि तो धक्का मुंबईतही जाणवला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार लोक मृत्युमुखी पडले.

भूकंपाला ठरलेली वेळ नसते. २००१ चा भूजचा भूकंप सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला. तथापि उपरोक्त तीन घटनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा प्रहरी वर्ग रिकामे असतात आणि वसतिगृहे भरलेली असतात. म्हणून केवळ दुपारी, वर्ग भरलेले असताना घेतलेली रंगीत तालीम अपुरी ठरते. गॅस व वीज कोणी बंद करावी, हजेरी कोणत्या यादीवरून घ्यावी, कुलपांच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात, हे रात्रपाळीचा पहारेकरी व गृहपाल यांच्यापुरते तरी निश्चित असले पाहिजे.

मैदान की उंची?

१९४५ च्या घटनेत आणखी एक धडा आहे. मकरानच्या त्सुनामी लाटा सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईला पोहोचल्या. येथे मनुष्यहानी झाली, मासेमारी होड्या दोर तुटून वाहून गेल्या. भूकंप आणि लाट यांत साडेचार तासांहून अधिक अवधी होता. परंतु सूचना देणारी यंत्रणा नव्हती. हैदराबाद येथील राष्ट्रीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ मध्ये कार्यान्वित झाले.

यावरून आराखड्यात दोन स्वतंत्र कार्यपद्धती आवश्यक ठरतात. जवळच्या भूकंपाचा धक्का थांबल्यावर जिन्याने उतरून ओव्हल मैदानासारख्या मोकळ्या जागी, १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्यापासून दूर जमावे. तज्ज्ञांनी पाहणी केल्याशिवाय इमारतीत परतू नये, कारण नंतरचे धक्के संभवतात. याउलट, दूरच्या समुद्रातील भूकंपानंतर त्सुनामीचा इशारा मिळाल्यास किनाऱ्यापासून आत किंवा भक्कम इमारतीच्या वरच्या मजल्यावर जावे. चर्चगेट व कफ परेडचा बराचसा भाग भराव टाकून तयार झाला आहे. भरावाच्या जमिनीत हादरे अधिक तीव्र होऊ शकतात, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

वस्ती : जागा शेजार

परिसर झोपलेला असतो त्या प्रहरी कोळीवाडा जागा असतो. पहाटे ससून डॉकवर मासळीचा बाजार भरू लागतो. होड्यांची ये-जा चालू असते. समुद्रातील बदल प्रथम या लोकांच्या नजरेस पडतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मच्छीमार नगराच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अनोळखी तरुणांना हटकणारेही येथील रहिवासीच होते. पण ती माहिती हल्ला टाळण्याइतक्या वेगाने पुढे पोहोचली नाही. २०१८ च्या केरळमधील महापुरात मच्छीमारांनी आपल्या होड्यांतून असंख्य लोकांची सुटका केली.

नाते मात्र एकतर्फी नसावे. वस्तीतील दाटीची घरे व अरुंद गल्ल्या पाहता भूकंपानंतर तेथील कुटुंबांनाच मोकळ्या जागेची, पाण्याची व प्रथमोपचाराची निकड भासेल. महाविद्यालयांची प्रांगणे, सभागृहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे साहाय्य देऊ शकतात. अर्थात इमारत सुरक्षित ठरल्यानंतरच.

समारोप

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात महाराष्ट्रातील जिल्ह्यांचे आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार झाले. २००५ मध्ये देशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला. राज्य व जिल्हा पातळीवर जे झाले, ते विद्यापीठाच्या फाटकापर्यंत उतरणे हा पुढचा टप्पा होय. वसतिगृहाचा गृहपाल आणि मच्छीमार सोसायटीचा पदाधिकारी यांच्याकडे परस्परांचा दूरध्वनी क्रमांक असणे व वर्षातून एकदा दोघांनी मिळून पहाटेची तालीम घेणे, यास मोठा खर्च लागत नाही. १९४५ मध्ये हाती असलेले तास वाया गेले. ते पुन्हा वाया जाऊ नयेत, एवढी तरी अपेक्षा इतिहासाच्या अभ्यासातून करता येते.