असमान चौरसांची वाटणी

चौकटीच्या कागदावर मोठा चौरस आखून त्याचे लहान चौरस पाडणे शाळकरी पोरासही जमेल. मात्र कोणतेही दोन सारख्या मापाचे नसावेत अशी अट घातली, की भलेभले अडतात. श्रोत्यांनी घरी जाऊन करून पाहावे.

इंग्रज कोडेकार ड्यूडनी याने १९०७ साली आपल्या पुस्तकात एका पेटीच्या चौरस झाकणाचे कोडे घातले. झाकणात सगळे असमान चौरस, आणि सोन्याची एक अरुंद पट्टी. पट्टीवाचून हे जमणार नाही, असाच त्याचा सूर. तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील आर्थर स्टोनला खटकला. १९३६ ते १९३८ या काळात तो, ब्रुक्स, स्मिथ आणि टट असे चौघे विद्यार्थी या प्रश्नामागे लागले. त्यांतला टट तर रसायनशास्त्राचा!

चौरस साधेना, म्हणून त्यांनी आधी आयत घेतले. तेव्हा ध्यानात आले, की आकृतीतली प्रत्येक आडवी रेघ म्हणजे तारांचा सांधा आणि प्रत्येक चौरस म्हणजे एक तार मानली, तर चौरसाची बाजू हा त्या तारेतला विद्युत्प्रवाह ठरतो. सांध्यात जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर पडतो. रेघेच्या वरच्या व खालच्या बाजूंची बेरीजही सारखीच. भूमितीचे कोडे असे विजेच्या गणिताने सुटू लागले.

ब्रुक्सने आपल्या आवडत्या आयताचे तुकडे कापून खेळ केला. त्याच्या आईने तो जुळवला खरा, पण निघाला भलताच आयत! माप तेच, तुकडे तेच, मांडणी मात्र वेगळी. आम्हांस या साऱ्या इतिहासात ही माउलीच अधिक भावते. कारण चौघांना हवे होते ते याच्या शेजारचेच: एकाच मापाचे, पण एकही तुकडा समान नसलेले दोन आयत. ते समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवून उरलेल्या दोन कोपऱ्यांत एकेक चौरस बसवला, की मोठा चौरस पुरा. असे आयत त्यांना मिळाले. पण त्यांचा निबंध १९४० साली निघाला आणि बर्लिनच्या स्प्रागने ५५ तुकड्यांचा चौरस १९३९ मध्येच छापला होता.

पुढे प्रश्न उरला तो कमीत कमी तुकड्यांचा. १९४८ साली विल्कॉक्सने २४ पर्यंत आणले. अखेर १९७८ साली नेदरलंड्सच्या डाउवेस्टाइनला संगणकाच्या साहाय्याने २१ तुकड्यांचा चौरस सापडला. त्याहून कमी होत नाहीत, आणि २१ चा तो एकच आहे. बाजू ११२, वरच्या कडेला ५०, ३५, २७, तर खालच्या कडेला ३३, ३७, ४२. सर्वांत धाकटा चौरस अवघ्या २ घरांचा आहे.