जर्मन बाहीवरचा वाघ

फेब्रुवारी १९४४. फ्रान्सचा अटलांटिक किनारा. फील्ड मार्शल एर्विन रोमेल एका तुकडीची पाहणी करीत आहेत. या भेटीची छायाचित्रे जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. सैनिकांच्या अंगावर जर्मन पायदळाचा करडा-हिरवा गणवेश आहे. काहींच्या डोक्यावर मात्र जर्मन टोपीऐवजी पगडी आहे. हे सैनिक भारतीय होते. त्यांच्या पलटणीचे कागदोपत्री नाव ‘भारतीय पायदळ रेजिमेंट ९५०’. लोक तिला ‘आझाद हिंद लीजन’ म्हणून ओळखतात.

या सैनिकांच्या दंडावर ढालीच्या आकाराचे एक कापडी चिन्ह शिवलेले असे. त्यात केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन आडवे पट्टे, त्यांवर झेपावणारा वाघ आणि वरच्या बाजूस जर्मन भाषेत ‘फ्रायेस इंडियेन’, म्हणजे ‘स्वतंत्र भारत’, ही अक्षरे. तळहाताहून लहान अशा या कापडाच्या तुकड्याने नेमके काय साधले आणि काय साधले नाही, याचा हा धागा.

आधी जर्मन गणवेश वाचायचा कसा ते पाहू. जर्मन भूदलाच्या डगल्यावर उजव्या खिशाच्या वर पंख पसरलेला गरुड असे आणि त्याच्या पायांत तत्कालीन नाझी राजवटीचे स्वस्तिक. (मराठी घरांच्या उंबऱ्यावर काढले जाते ते स्वस्तिक सरळ बसते; हे कोपऱ्यावर उभे केलेले असे आणि जर्मन त्याला ‘आकड्यांचा क्रूस’ म्हणत.) गळपट्टीवर दोन समांतर पट्ट्यांची नक्षी. खांद्यावरच्या पट्टीची कड सैनिकाचे दल सांगे: पायदळाला पांढरी, तोफखान्याला लाल, रणगाडा दलाला गुलाबी.

हुद्द्याची भाषा तर भारतीय सैनिकाला अगदीच परकी होती. ब्रिटिश हिंदी सैन्यात बाहीवरच्या फिती मोजल्या की काम भागे: एक फीत लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. जर्मन सैन्यात मात्र डाव्या बाहीवरची फीत शिपाई वर्गातल्याच वरच्या पायऱ्या दाखवी. दोन फितींचा ‘ओबरगेफ्रायटर’ हा अजून नायकाच्या जबाबदारीला पोहोचलेला नसे. खरा कनिष्ठ अधिकारी, म्हणजे ‘उंटरऑफिझियर’, ओळखायचा तो गळपट्टीला आणि खांद्याच्या पट्टीला लावलेल्या रुपेरी गोटावरून. त्याच्या वरचे हुद्दे पट्टीवरच्या चांदण्यांनी मोजायचे. ज्याने तरुणपण फिती कमावण्यात घालवले होते, त्याला हे चिन्हशास्त्र मुळापासून शिकावे लागले.

हा माणूस जर्मनीत पोहोचला कसा? याच्या उत्तराचा एक धागा दक्षिण महाराष्ट्रातून जातो. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर हे कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरचे गाव. मिरजेहून पुढची गाडी बेळगावला जाते आणि बेळगाव हे मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्र. कोल्हापूर, सातारा, सांगली, रत्नागिरी या पट्ट्यातील असंख्य तरुणांनी बेळगावी जाऊन वर्दी चढवली. त्यांच्या रेजिमेंटचे नाव तेव्हा ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ आणि बोधचिन्ह बिगुल.

या रेजिमेंटची दुसरी पलटण जून १९४२ मध्ये लिबियातील तोब्रुकच्या तटबंदीत अकराव्या हिंदी ब्रिगेडबरोबर होती. २१ जून रोजी तोब्रुक पडले. रोमेलच्या हाती तीस हजारांहून अधिक युद्धकैदी लागले आणि त्यांत ही मराठा पलटणही होती. त्याआधी, एप्रिल १९४१ मध्ये, लिबियातीलच मेचिली येथे हिंदी मोटार ब्रिगेडचे सैनिक पकडले गेले होते. उत्तर आफ्रिकेतले असे भारतीय कैदी इटली व जर्मनीच्या छावण्यांत विखुरले गेले आणि त्यांच्यासमोर कोणत्याही लष्करी शिक्षणात न शिकवलेला एक प्रश्न उभा राहिला.

सुभाषचंद्र बोस एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचले होते. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला तेथे ‘आझाद हिंद केंद्र’ सुरू झाले. केंद्राच्या कामात एन. जी. गणपुले हे बर्लिनवासी मराठी गृहस्थही होते. त्यांनी या काळावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९५९ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. आन्नाबुर्गच्या छावणीतील भारतीय कैद्यांतून स्वयंसेवक निवडायचे, त्यांना ड्रेस्डेनजवळच्या क्योनिग्सब्रुक येथे शिक्षण द्यायचे आणि हे सैन्य केवळ ब्रिटिशांविरुद्ध वापरायचे, अशी नेताजींची योजना होती. ब्रिटिशांप्रमाणे जातीधर्मावर तुकड्या न पाडता सर्वांना एकत्र ठेवले गेले. हा निर्णय त्या काळाच्या पुष्कळ पुढचा होता.

लीजनची संख्या सुमारे अडीच हजारांवर गेली. मात्र बहुसंख्य भारतीय कैद्यांनी नकार दिला, हेही तितकेच खरे. नकार देणारे सारे इंग्रजधार्जिणे होते असे मानणे अन्यायाचे होईल. शत्रूच्या सैन्यात गेलेल्याचा पगार आणि निवृत्तिवेतन जप्त होणार, हे प्रत्येक शिपायाला ठाऊक होते. त्या पगारावर गावाकडे घर चालत होते. शिवाय घेतलेली शपथ मोडणे ही गोष्ट त्या पिढीच्या सैनिकाला आजच्या वाचकाला वाटते तितकी हलकी नव्हती.

जे गेले, त्यांनीही नवी शपथ घेतली आणि तिच्यात गणवेशाइतकाच दुहेरीपणा होता. भारताच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते सुभाषचंद्र बोस, असे तीत म्हटले होते; पण आज्ञापालनाचे वचन होते जर्मन सैन्याचा सर्वोच्च सेनापती हिटलर याला. डगल्याच्या छातीवर गरुड आणि दंडावर वाघ, तेच शब्दांत उतरले होते. पदकांचीही तीच कथा. नेताजींनी १९४२ मध्ये सुरू केलेली ‘शेर-ए-हिंद’, ‘सरदार-ए-जंग’, ‘वीर-ए-हिंद’ आणि ‘शहीद-ए-भारत’ ही पदके जर्मन डगल्यावर झळकू लागली आणि ती जर्मनांनाही दिली गेली.

परक्या गणवेशावर आपले चिन्ह लावून लढणारे त्या युद्धात हे एकटेच नव्हते. दुसरे उदाहरण जयसिंगपूरच्या त्याच लोहमार्गावर, कोल्हापूरच्या अलीकडे भेटते. वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध. त्यांतील अनेकांचे वडील, पती, भाऊ जनरल आंदर्स यांच्या पोलिश सैन्यात होते. त्या सैनिकांच्या अंगावर ब्रिटिश गणवेश होता. पण टोपीवर पोलंडचा पांढरा गरुड, खांद्यावर ‘पोलंड’ हे नाव आणि दुसऱ्या पोलिश कोअरच्या बाहीवर वॉर्साची जलपरी. मे १९४४ मध्ये माँटे कॅसिनोचा मठ त्यांनीच जिंकला.

आता १९४४ चा इटली डोळ्यांसमोर आणा. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले, ते जिंकले आणि तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच द्वीपकल्पात वळिवड्याच्या मुलांचे वडील लढत होते. आणि त्याच वर्षी आझाद हिंद लीजनची एक कंपनीही इटलीत धाडली गेली होती. मराठा सैनिक ब्रिटिश वर्दीत, पोलिश सैनिक ब्रिटिश वर्दीत, तिसरा भारतीय जर्मन वर्दीत. तिघांच्याही अंगावरचे कापड दुसऱ्याच्या कोठारातले.

मग फरक कोठे होता? १९०७ च्या हेग नियमांनुसार लढवय्याला दुरून ओळखू येईल असे ठरावीक चिन्ह हवे, जबाबदार नायक हवा, शस्त्रे उघड बाळगायला हवीत आणि युद्धाचे नियम पाळायला हवेत. वाघाची ढाल चिन्हाची अट सहज भागवत होती. पण पोलिश गरुडामागे दोस्त राष्ट्रांनी मान्य केलेले, लंडनमध्ये बसलेले सरकार होते. वाघामागे १९४२ मध्ये तसे सरकार नव्हते. आझाद हिंदचे हंगामी सरकार सिंगापूरला स्थापन झाले ते २१ ऑक्टोबर १९४३ रोजी, आणि त्याला मान्यता दिली ती जर्मनी, जपान व त्यांच्या मित्रांनी. तोवर नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्ये पाणबुडीतून पूर्वेकडे निघून गेले होते. ब्रिटिश कायद्याच्या नजरेत लीजनचा सैनिक हा राजाशी द्रोह केलेला शिपाईच राहिला.

कापडाचा रंग त्याला आणखी एका प्रकारे भोवला. ऑगस्ट १९४४ मध्ये बोर्दोजवळच्या लाकानोहून लीजनने माघार घेतली, तेव्हा वाटेत फ्रेंच प्रतिकारकांशी चकमकी झडल्या. केवळ ब्रिटिशांशी लढण्याची योजना तेथे उरली नाही. माघारीच्या मार्गावरील गावांतून लुटालूट आणि अत्याचारांचे आरोपही झाले. फ्रेंच गावकऱ्याला दंडावरच्या वाघाचा अर्थ कोण सांगणार? त्याला दिसत होता चार वर्षे छातीवर बसलेला करडा-हिरवा डगला.

त्याच महिन्यात लीजन भूदलाकडून वाफेन-एसएसकडे वर्ग झाली. तिचे गणवेशशास्त्र वेगळे. गरुड छातीवरून डाव्या दंडावर जाई आणि जर्मनेतर तुकड्यांना गळपट्टीवर एसएसच्या जोडवीजेऐवजी स्वतःचे चिन्ह मिळे. भारतीयांसाठी वाघाच्या मुखाची गळपट्टी तयार झाली. परंतु हे वर्गीकरण मुख्यत्वे कागदावर राहिले. सैनिक जुनाच डगला वापरत राहिले. मार्च १९४५ मध्ये खुद्द हिटलरने आपल्या बैठकीत या पलटणीची थट्टा केल्याची नोंद आहे. ज्याच्या नावाने शपथ घेतली, त्याच्या लेखी एवढीच किंमत!

युद्धाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या दिशेने निघालेले हे सैनिक बोडनझे सरोवराच्या परिसरात दोस्तांच्या हाती लागले आणि त्यांना भारतात आणले गेले. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात खटला चालला तो पूर्वेकडील आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर. तेथे भुलाभाई देसाई यांनी मांडलेला मुद्दा मात्र या वाघालाही लागू होता: स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सैन्याला युद्धमान पक्षाचे हक्क मिळतात की नाही? न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. शिक्षा लोकक्षोभामुळे माफ झाली. युरोपातून आणलेल्या सैनिकांवर तसे जाहीर खटले चाललेच नाहीत.

वाघमुखी गळपट्टी आज संग्राहकांच्या बाजारात चढ्या भावाने विकली जाते आणि नकलांची तेथे मुळीच वाण नाही. ती प्रत्यक्ष अंगावर वापरली गेली का, यावर जाणकारांचा वाद सुरूच आहे. दंडावरच्या ढालीबद्दल असा वाद नाही. ती रोमेल यांना मानवंदना देणाऱ्या सैनिकांनी मिरवली होती.