तीन महिन्यांचं मौन

उज्जैनच्या देवास गेटला बसस्टँड आहे आणि रेल्वे स्टेशनही जवळच. देवासहून, इंदूरहून, आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या गाड्यांतून रोज कितीतरी बायका इथे उतरतात. कुणी महाकाळाच्या दर्शनाला, कुणी बाजाराला, कुणी दवाखान्यात. सात महिन्यांची बाई लगेच ओळखू येते, तिला कुणीतरी उठून जागा देतं. पण जिला दोनच महिने झालेत ती ओळखू येत नाही. पदर तोंडाशी धरून ती उभीच असते. तिनं अजून कुणाला सांगितलेलंच नसतं.

तीन महिने होईपर्यंत सांगू नये, ही चाल आपल्या घरांत फार जुनी आहे. उज्जैन शिंद्यांचं होतं; 1810 च्या सुमारास दौलतरावांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवलं, तोवर राजधानीचा मान याच गावाला होता. पलीकडे देवासला पवारांच्या दोन पात्या. या सगळ्यांबरोबर दक्षिणेतून मराठी कुटुंबं माळव्यात आली आणि येताना आपले सणवार, डोहाळजेवण, ओटीभरण आणि ही चालही घेऊन आली. जैन घरं असोत की इतर, सासूबाईंचं वाक्य एकच: "पाळी चुकली म्हणून लगेच गावभर करू नकोस हो."

या चालीला शहाणपणाचा आधार नव्हता असं मी म्हणणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याचं प्रमाण खरोखरच जास्त असतं. आज पेढे वाटायचे आणि पंधरा दिवसांनी प्रत्येकीला "गेलं" म्हणून सांगत बसायचं, हे दुःख बाईला चुकावं, एवढाच त्यामागचा हेतू. पण होतं काय, की शेजारणीपासून लपवता लपवता गोष्ट डॉक्टरपासूनही लपते. ज्या तीन महिन्यांत विचारायला हवं, तेच तीन महिने मुकाट्यानं जातात. म्हणून हे मौन जरा इतिहासात मागे जाऊन पाहू या.

उज्जैनच्या सरकारी माता-बाल रुग्णालयाला चरकाचं नाव आहे. ते योग्यच. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहिल्याची लक्षणं सांगितली आहेत: पाळी थांबणं, तोंडाला पाणी सुटणं, अन्नावरची वासना जाणं, उलटी, आंबट खावंसं वाटणं, अंग जड होणं. ही यादी आजची कुठलीही बाई वाचेल तर म्हणेल, अगदी माझंच लिहिलंय. गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्यासारखं सांभाळावं, असंही तिथे म्हटलं आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. उलटी, अरुची ही गर्भाची खूण म्हणून सांगितली, आणि रक्त दिसणं मात्र वेगळं काढलं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रक्त गेलं तर गर्भ बहुधा टिकत नाही, पुढे गेलं तर तात्काळ काय उपचार करावेत, ते स्वतंत्रपणे दिलं आहे. म्हणजे "गरोदरपणात सगळं होतंच" असं आपले जुने वैद्य म्हणत नव्हते. काय चालायचं आणि काय चालायचं नाही, याची निवड त्यांनी केली होती.

आपल्या आगमांतही बाईचं हे सांगणं आणि न सांगणं आलं आहे. त्रिशलामातेनं स्वप्नं पाहिली. श्वेतांबर परंपरेत ती 14, दिगंबर परंपरेत 16. कल्पसूत्रातली त्रिशला सकाळची वाट पाहत बसली नाही, तिनं त्याच रात्री सिद्धार्थ राजाला उठवून सांगितलं. पुढे गर्भाची हालचाल थांबली, तेव्हा तिनं आपलं भय मनात कोंडलं नाही. सगळ्या राजवाड्यातलं गाणंबजावणं बंद पडलं, इतकं ते भय घरानं आपलं मानलं. आईला त्रास होऊ नये म्हणून गर्भ स्थिर राहिला होता. आई व्याकूळ झाली हे जाणून तो हलला. आपण ही कथा पर्युषणात ऐकतो ती भगवंतांच्या करुणेसाठी. पण तिच्यात एक बाई आपल्या शरीरातला बदल ओळखते, बोलते, आणि तिचं बोलणं खरं मानलं जातं, हेही आहेच की.

दुसरी कथा ज्ञाताधर्मकथेतली, धारिणी राणीची. तिला तिसऱ्या महिन्यात अवेळी आलेल्या मेघांचे डोहाळे लागले. ते पुरे होणार कसे, म्हणून ती गप्प राहिली, झुरत गेली, वाळली. दासींनी विचारलं, ती बोलली नाही. दासींनी श्रेणिक राजाला सांगितलं. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, शेवटी शपथ घातली, तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं. मग उपाय निघाला. आपल्या घरात धारिणी असते तेव्हा त्या दासींचं काम कुणीतरी करावं लागतं. जाऊबाईंनी, वन्संनी किंवा शेजारच्या काकूंनी.

पुढच्या काळात अडचण वेगळी झाली. सांगायची तयारी असली तरी सांगावं कुणाला? पुरुष डॉक्टरला दाखवणं घराण्याला कमीपणाचं, आणि बाई डॉक्टर नव्हती. 1881 साली आपल्याच मध्य भारतातल्या पन्ना संस्थानच्या महाराणीनं लखनौहून एलिझाबेथ बिलबी या मिशनरी डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं. परत जाताना तिनं व्हिक्टोरिया राणीसाठी निरोप दिला, की हिंदुस्थानातल्या बायका आजारपणात फार सोसतात. निरोप लॉकेटात बसेल इतका लहान लिहून न्यायचा होता. तो पोहोचला, आणि 1885 साली लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला. त्यातून गावोगाव बायकांचे दवाखाने निघाले.

त्याच सुमारास आपली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेली. चौदाव्या वर्षी झालेलं तिचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. 1883 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत तिनं उभं राहून सांगितलं, की हिंदुस्थानात बाई डॉक्टरांची गरज आहे. 1886 मध्ये ती डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषयच प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र हा होता. परतल्यावर काही महिन्यांतच, 1887 मध्ये, क्षयानं ती गेली. तिला रोगी तपासता आले नाहीत, पण बाईनं बाईला सांगावं ही वाट तिनं दाखवली. मुंबईचं कामा हॉस्पिटल 1886 मध्येच सुरू झालं.

मात्र एक गोष्ट नवल वाटण्यासारखी आहे. पाश्चात्त्य वैद्यकही या पहिल्या तीन महिन्यांबद्दल बराच काळ मुकंच होतं. 1929 साली इंग्लंडच्या आरोग्य खात्यानं गरोदरपणातल्या तपासण्यांचं वेळापत्रक ठरवलं, त्यात पहिली तपासणी सोळाव्या आठवड्याला धरली होती. म्हणजे आपल्या सासूबाई आणि लंडनचं खातं, दोघांचं मत जवळजवळ एकच!

ते मत बदलायला लावणाऱ्या कामाचा एक धागा मुंबईतून जातो. 1928 मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या. इथल्या गरीब गरोदर बायका, त्यांत गिरण्यांत राबणाऱ्याही होत्या, रक्त कमी होऊन मरत. विल्सबाईंनी त्यांचं खाणंपिणं पाहिलं, आणि यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं मार्माइट, देऊन पाहिलं. बायका सुधारल्या. 1931 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. 1991 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासातून सिद्ध झालं, की हे आधीपासून आणि सुरुवातीच्या आठवड्यांत घेतलं तर बाळाच्या मज्जारज्जूचे दोष पुष्कळ कमी होतात. ही नलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आतबाहेर मिटते. म्हणजे पाळी चुकल्याचं आपल्या ध्यानात येतं न येतं तोच! तीन महिने थांबून डॉक्टरकडे गेलं तर ही वेळ निघून गेलेली असते.

मुंबईतच कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड यांनी शहरातल्या मातामृत्यूंची कारणं एकेक करून तपासली. तो अहवाल 1941 मध्ये निघाला. 1946 च्या भोर समितीनं देशात दर हजार जन्मांमागे सुमारे 20 माता दगावतात असा अंदाज दिला. आज चित्र पालटलं आहे. 2018-20 च्या सरकारी पाहणीत दर लाख जन्मांमागे देशात 97 माता दगावल्या. पण महाराष्ट्रात हा आकडा 33 आणि मध्य प्रदेशात 173. भाषा तीच, चालीरीती त्याच, तरी माळव्यातल्या मराठी लेकीचा धोका पुण्यातल्या तिच्या मावसबहिणीहून मोठा आहे. म्हणून हे मी उज्जैन डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे.

तर मग केव्हा जायचं? सकाळची मळमळ, थकवा, वासाचा तिटकारा, वारंवार लघवीला जावं लागणं, छाती भरून दुखणं, हे बहुतेकींना होतं. त्यानं घाबरू नये. पण दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, उठताना अंधारी येत असेल, तर ते डोहाळे म्हणून सोडून देऊ नये. त्या दिवशीच जावं. रक्ताचा डाग दिसला तर दर वेळी गर्भ गेलाच असं नसतं, पण दाखवायलाच हवं. ताप असेल, लघवीला आग होत असेल, तरीही.

आणि एक लक्षण असं, की त्यात रात्र काढायचीच नाही. पोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाशी कळ, घेरी. गर्भ पिशवीत न राहता नळीत रुजला असेल तर नळी फुटून आत रक्त वाहतं. बाहेर थेंबही न दिसता बाई जाऊ शकते. 1883 मध्ये बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी शस्त्रक्रिया करून अशी बाई वाचवली, त्याआधी बहुतेक जणी जातच असत. आज उपाय आहे, फक्त वेळेवर पोचायला हवं. तिथे बसची वाट बघत बसू नका, 108 ला फोन करा.

आपल्या मनानं गोळी आणणं हा मात्र उपाय नव्हे. 1957 पासून जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं निर्धोक म्हणवलं जाणारं औषध विकलं गेलं, गरोदर बायका ते मळमळीवर घेत. 1961 मध्ये ते मागे घेईपर्यंत अनेक देशांत मिळून हजारो मुलं हातापायांनी अधू जन्मली. मेडिकलवाल्याला विचारून काम भागतं असं वाटेल तेव्हा हे आठवावं.

उपवासाचंही बोललंच पाहिजे, कारण आपल्या घरांत ते अवघड जातं. पर्युषण आलं, उलट्या चालू आहेत, आणि सून चौविहार सोडायला धजत नाही, कारण सोडला तर कारण सांगावं लागेल. तत्त्वार्थसूत्रात सोळा भावनांमध्ये त्याग आणि तप आपल्या शक्तीप्रमाणे करावेत असं आलं आहे. ज्या बाईच्या पोटात पाणी ठरत नाही तिची शक्ती किती, हे तिनं आणि तिच्या डॉक्टरनं ठरवावं. घरातल्या मोठ्या बाईनं आपण होऊन "यंदा तू राहू दे ग" म्हटलं, तर सुनेला कुणाला काही सांगावंच लागणार नाही.

काहीच त्रास नसला तरी पहिली तपासणी बाराव्या आठवड्याच्या आत व्हावी. 2019-21 च्या पाहणीत देशातल्या 70 टक्के मातांची ती तशी झाली होती. राहिलेल्या तिशीत आपली कुणी नसावी. आशाताईकडे पाळी चुकल्याची तपासणी होते, माता-बाल कार्ड मिळतं. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे.

पेढे चौथ्या महिन्यात वाटा, माझी काही हरकत नाही. जुनी चाल आहे, पाळावी. पण एका बाईला घरात आणि एका डॉक्टरला बाहेर, एवढ्या दोघांना पहिल्या महिन्यातच सांगून ठेवा. आणि सुनेनं, लेकीनं सांगितलं तर "आमच्या वेळी" हे दोन शब्द गिळून तिला एवढंच विचारा: पाणी टिकतंय ना, कुठे दुखतंय का, रक्त दिसलं का?