मृत्यूचे कारण कोणाला विचारावे?

तमिळनाडूतील वेल्लोरजवळचा कनियंबाडी हा लाखाहून थोडी अधिक वस्ती असलेला ग्रामीण विकासगट. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे आरोग्यसेवक तेथे घरोघर फिरून प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद ठेवीत. १९९४ ते १९९९ या काळातील मृत्यूंची कारणे त्यांनी पोलिसांच्या दप्तरातून न घेता घरच्या माणसांना विचारून निश्चित केली. या पद्धतीला ‘मौखिक शवचिकित्सा’ म्हणतात. २००३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेला निष्कर्ष असा : आत्महत्येचे प्रमाण दर लाखामागे ९५. देशाचा सरकारी आकडा त्या वेळी दहा-अकराच्या आसपास होता.

पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्याच भागातील १० ते १९ वयोगटाचा हिशेब आला : मुलांमध्ये दर लाखामागे ५८, मुलींमध्ये १४८. जगात बहुतेक ठिकाणी आत्महत्येने दगावणाऱ्यांत पुरुष अधिक असतात; येथे क्रम उलटा होता.

ही तफावत निव्वळ निष्काळजीपणाची नव्हती. दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. घरात असे काही घडले की पोलीस, पंचनामा आणि बदनामी एकदमच दारात येत. लग्नाला सात वर्षे न झालेल्या स्त्रीच्या बाबतीत चौकशी अधिकच कडक. मग ‘पोटात दुखून गेली’ असे सांगणे कुटुंबाला सोयीचे वाटे. मोजमापाच्या भाषेत ही एकाच दिशेने झुकलेली त्रुटी. नोंदी कितीही वाढवल्या तरी ती फिटत नाही.

एका विकासगटावरून देशाचे अनुमान काढावे काय, हा आक्षेप रास्तच होता. त्याचे उत्तर प्रभात झा यांच्या नेतृत्वाखालील ‘मिलियन डेथ स्टडी’ने दिले. देशभरातील नमुना कुटुंबांकडून २००१-०३ मधील मृत्यूंचे वृत्तान्त घेतले गेले आणि प्रत्येक वृत्तान्त दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासला. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २०१२ साली त्यावरून काढलेला अंदाज : २०१० मध्ये पंधरा वर्षांवरील सुमारे १ लाख ८७ हजार आत्महत्या. पोलीस नोंदीत त्या वर्षी सुमारे १ लाख ३५ हजार. आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी ५६ टक्के, तर पुरुषांपैकी ४० टक्के १५ ते २९ वयाचे होते.

जवळपास निम्मे मृत्यू विषबाधेचे, मुख्यतः कीटकनाशकांमुळे झालेले. म्हणून प्रतिबंधाची एक वाट शेतीच्या कोठारातून गेली. लक्ष्मी विजयकुमार व सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील दोन गावांत कीटकनाशके घराबाहेर, कुलूपबंद सामाईक पेट्यांत ठेवण्याचा प्रयोग केला. तीव्र आवेग पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो, आणि तेवढा वेळ निभावला तर जीव वाचतो, हे त्यामागचे तर्कशास्त्र. प्रयोग लहान होता, पण दिशा योग्य होती.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कलम ३०९ ची धार बोथट केली. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य, अहोरात्र सेवा सुरू झाली, त्याच वर्षीच्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांचे मृत्यू दहा टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले. ही घट ज्या वार्षिक सरकारी आकड्यांवर पाहिली जाईल, ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे मात्र अजूनही पोलीस ठाण्यांतूनच येतात.